शुक्रवारची शांतता

पुण्याहून साहेब येणार म्हटल्यावर सईने त्यांना मुद्दाम शुक्रवारच दिला, आणि आपण फार हुशारी केली असं तिला तीन दिवस वाटत राहिलं.

कंपनी मूळची पुण्याची. गोदामात कुठला माल कुठल्या फळीवर आहे हे सांगणारं सॉफ्टवेअर ती बनवायची. विद्यापीठाच्या मागच्या गल्लीत देवेश आणि कुणाल या दोन मित्रांनी ती एका भाड्याच्या खोलीत सुरू केली होती. दहा वर्षांत खोलीची इमारत झाली आणि दोघांचे दीडशे झाले. गिऱ्हाईक वाढलं ते भिवंडीजवळच्या दापोडे आणि वळ या गावांकडच्या गोदामांतलं, म्हणून भिवंडीत शाखा निघाली. शाखा म्हणजे सई, मुदस्सिर आणि आणखी तिघं. जागा म्हणजे अब्दुर्रहमान सेठच्या कारखान्यावरचा माळा. सेठ देवमाणूस, जागा ऐसपैस, वारा भरपूर. फक्त खाली कापड विणणारे अठ्ठेचाळीस लूम खडखडत चालायचे.

"हा आवाज कसला?" देवेशने पहिल्याच फोनवर विचारलं होतं. सई बोलून गेली, "बाजूला बांधकाम चाललंय, सर!" थाप मारणं सोपं असतं, ती पोसणं अवघड. हे बांधकाम दोन वर्षं चाललं होतं.

आता शाखा भिवंडीत ठेवायची की सगळ्यांना पुण्याला हलवायचं, हे देवेश जागा पाहून ठरवणार होता. जवळच्या खारबाव गावात सईचे वडील दत्तोपंत एकटे राहायचे. ते गाव सोडणार नव्हते, आणि ती त्यांना सोडणार नव्हती. पुणं म्हणजे राजीनामाच.

भिवंडीत शुक्रवारी लूम बंद. माळ्याचा जिना कारखान्यातूनच असल्यामुळे सईच्या ऑफिसलाही शुक्रवारीच सुट्टी असायची. म्हणून तिने सेठकडे चावी मागितली.

"जुम्म्याला ऑफिस?" सेठने विचारलं.

"पुण्याहून मोठे साहेब येतायत, चाचा. पहिल्यांदाच."

"अच्छा!" सेठ म्हणाले आणि दाढी कुरवाळत विचारात पडले. तिथेच सईने सावध व्हायला हवं होतं.

शुक्रवारी दुपारी दोनला देवेश आला. माळ्यावर इतकी शांतता होती की भिंतीवरच्या घड्याळाला टिकटिक आहे, हे मंडळींना दोन वर्षांनी प्रथमच कळलं.

"नमस्कार, सर! या! बसा!" सई म्हणाली.

देवेश दचकून मागे सरकला. सई रोजच्याच आवाजात बोलली होती, पण तो रोजचा आवाज अठ्ठेचाळीस लूमच्या वर काढलेला होता. मुदस्सिरने "चहा घेणार?" विचारलं तेव्हा बाहेरच्या रस्त्यावर एका रिक्षावाल्याने ब्रेक दाबला.

मग मुदस्सिर सईच्या कानाशी वाकला आणि त्याच्या मते कुजबुजला, "सई, खाली लूम हायेत ते बोलू नको हां! बांधकाम खतम झालं बोल!"

देवेशने कप खाली ठेवला. "हो का? झालं पूर्ण? किती मजली झालं?"

"सात," सई म्हणाली. थाप एकदा धावत सुटली की तिला लगाम कोण घालणार?

देवेश उठून खिडकीशी गेला. बाजूला एक चिंचेचं झाड होतं आणि त्याखाली बांधलेली शेळी. तो बराच वेळ शेळीकडे पाहत राहिला. आता खरं सांगून टाकावं म्हणून सईने तोंड उघडलं, आणि खाली धाडकन सगळे लूम सुरू झाले. कप हलले, खिडक्या थरथरल्या, घड्याळाची टिकटिक बुडून गेली.

जिन्यातून सेठ हसत वर आले. अंगावर इस्त्रीचा कुर्ता आणि अत्तराचा वास.

"साहेब पहिल्यांदा दारात आले आणि कारखाना बंद? असं बरं दिसतं काय?" ते ओरडले. "नमाज झाली तशी सगळ्यांना बोलावून घेतली! एक घंटा चालवतो! आपकी खातिर!"

एवढं बोलून ते कौतुकाने खाली गेले. सईने डोक्याला हात लावला.

तेवढ्यात फोन वाजला. जवळ होता म्हणून देवेशनेच उचलला. वळच्या गोदामातून जानकीबाई बोलत होत्या. तिथे सॉफ्टवेअर अडकलं होतं आणि दारात अकरा ट्रक उभे होते.

"नमस्कार, मी आपली काय मदत करू शकतो?" देवेशने पुणेरी सौम्यपणे विचारलं.

"कोन? पुन्याचं का? तुमचं काय बी ऐकू येत न्हाय! हतं ट्रक बोंबलतान! भिवंडीवाल्यांना द्या!"

सईने फोन घेतला. "जानकीबाई! मशीन बंद करा! दहा मोजा! चालू करा! डावीकडचं हिरवं बटण!"

"झालं गं बाय!" पलीकडून जानकीबाईंचा आवाज सगळ्या माळ्याला ऐकू आला.

देवेशने सईच्या वहीत लिहिलं, कारण बोलण्यात अर्थ नव्हता: 'पुण्यात रोज चाळीस फोन येतात, भिवंडीला जोडून द्या म्हणून. कारण आज कळलं.' मग तो स्वतःचा मोबाइल घेऊन कोपऱ्यात गेला. एका कानात बोट घालून तो पुण्याला कुणालशी बोलू लागला. आधी हळू, मग मोठ्याने, मग गळ्याच्या शिरा ताणून. मंडळींना नुसते हातवारे दिसत होते.

आणि बोलता बोलता घड्याळात तास भरला. सेठ शब्दाचे पक्के. खाली खटका पडला, अठ्ठेचाळीस लूम एका दमात थांबले.

"इथेच वीस माणसं वाढवू!" देवेशचा आवाज माळ्यावर, कारखान्यात आणि शेळीपर्यंत घुमला. "सईला शाखाप्रमुख कर! पण तिला आत्ताच कळू देऊ नकोस! सात मजले खोटे बांधलेत तिने, जरा घाबरू दे!"

देवेश मोबाइल कानाशी धरून तसाच उभा राहिला. सईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. खारबावचं घर, ओट्यावर वाट पाहणारे दत्तोपंत, सगळं जागच्या जागी राहिलं होतं.

मुदस्सिर तिच्या कानाशी वाकून कुजबुजला, "सई, आपल्याला काय ऐकू आलं न्हाय असं दाखव!"

खालून, जिन्याच्या तोंडाशी जमलेल्या कामगारांतून सेठ ओरडले, "आम्हाला पण न्हाय!"