रोगी बोलत नसतो

एका जंगलात, बालमित्रांनो, जनावरांचा दवाखाना होता. जंगलात दवाखाना कशाला, असं विचाराल. अरे, जिथे वाघ आहे तिथे दवाखाना नको? आता मधे बोलू नका.

दवाखाना भागीरथीबाई अस्वलांचा. तिथे विश्राम नावाचा कोल्हा शिकायला आला. शहरातल्या गुरांच्या डॉक्टरांच्या कॉलेजामागे तो वाढलेला. तिथलं एक जाडजूड पुस्तक त्याला तोंडपाठ होतं. पहिल्याच पानावर लिहिलं होतं, 'आपला रोगी बोलत नसतो, म्हणून त्याला नीट तपासावं.'

एके दुपारी बाई हरिणीच्या बाळंतपणाला गेल्या. विश्राम एकटाच होता. तेवढ्यात एक गवा लंगडत आला.

"बाळा, पुढच्या डाव्या खुरात काटा गेलाय. तेवढा काढ. दिवस मावळला की वाघ निघतो. पळता आलं नाही तर माझं काही खरं नाही."

"काका, रोगी बोलत नसतो," विश्राम म्हणाला.

"अरे, पण मी बोलतोय ना!"

"तेच तर लक्षण वाईट आहे."

त्याने शेपटीपासून सुरुवात केली. गव्याच्या पोटाला चार कप्पे असतात. विश्रामने चारही कप्प्यांना कान लावला. मग जीभ बघितली, शिंगं वाजवून बघितली. सूर्य डोंगराला टेकला. गव्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा विश्रामने डोळेही तपासले.

इतक्यात बाई परतल्या. त्यांनी गव्यालाच विचारलं,

"काय होतंय रे?"

"काटा, बाई, काटा! पुढच्या डाव्या खुरात!"

बाईंनी दातांनी काटा उपसला. गवा उधळला तो थेट कळपात जाऊन थांबला.

जीव वाचला. तुम्हाला बरं वाटलं ना? मलाही वाटलं. गव्याला मात्र वाटलं नाही. कळपातले सगळे विचारू लागले, काय झालं होतं? नुसता काटा, हे सांगणं त्याच्या जिवावर आलं.

"बाईंना काही कळत नाही हो," तो म्हणाला. "आपल्यालाच विचारतात, काय होतंय म्हणून! आपल्याला कळत असतं तर तिथे कशाला गेलो असतो? तो पोरगा बघा. शेपटीपासून तपासतो."

झालं! सगळं जंगल विश्रामकडे लोटलं. बाईंना कुणी विचारेना, तेव्हा त्या मध शोधायला निघून गेल्या.

पुढे गव्याच्या त्याच खुरात पुन्हा काटा गेला. तो ऐटीत लंगडत आला आणि गप्प उभा राहिला. विश्रामला अगदी भरून आलं. हुबेहूब पुस्तकातला रोगी! त्याने प्रेमाने शेपटी हातात घेतली.

सूर्य डोंगराला टेकला, तेव्हा विश्राम पोटाच्या तिसऱ्या कप्प्याशी पोचला होता. वाघ येऊन दारात बसला.

गव्याने बोलायला तोंड उघडलं. विश्रामने त्यावर पंजा ठेवला.

"चालू द्या, चालू द्या," वाघ अदबीने म्हणाला. "मला घाई नाही."

तात्पर्य : आपलं कुठे दुखतंय हे डॉक्टरांना कधीही सांगू नये. सांगितलं तर माणूस लगेच बरा होतो, आणि मग चारचौघांत सांगायला काहीच उरत नाही.