महिपतीच्या कंठातील दोन पडदे

वाचक बंधुभगिनींनो, मनुष्याच्या मुखातून शब्द कसा उत्पन्न होतो, आणि तो वेळेवर उत्पन्न न झाल्यास आगगाडीच्या उतारूंवर कोणता प्रसंग ओढवतो, याचे यथामती निवेदन पुढे सादर आहे.

मळवली स्टेशनावर महिपती नावाचा पोर्टर होता. गाडी येताच त्याची ‘मळवलीऽऽ’ ही आरोळी अर्ध्या कोसावरील भाजे गावी पोहोचे. दुर्दैवाने घरी मीठही तो त्याच आवाजात मागे. अखेर त्याची पत्नी रतनबाई भाज्यास माहेरी निघून गेली. जाताना ती वदली, “घर हाय का इष्टेसन? हळू बोलाया शिकाल तवा न्याया या!”

यास दीड महिना लोटला. गाडी गेल्यावर महिपती भाज्याच्या डोंगराकडे पाहत उभा राही, आणि घरी सवयीने दोन ताटल्या मांडी. शेवटी तो शाळेच्या गंगाधर मास्तरांस शरण गेला.

मास्तर म्हणाले, “फुप्फुस म्हणजे लोहाराचा भाता. त्यातला वारा कंठातल्या दोन नाजूक पडद्यांमधून निघतो, ते थरथरतात, नाद होतो. जीभ आणि ओठ त्या नादाचे शब्द घडवतात. गळ्याला हात लाव नि ‘आ’ म्हण.”

“आऽऽ!” कौलांवरचे पारवे उडाले. “थरथरतंय की वो, मास्तर!”

“आता नुसतं कुजबुज.”

महिपती कुजबुजला. हातास काहीच लागले नाही.

“बघ. कुजबुजताना पडदे थरथरत नाहीत.”

“म्हंजी समदी खोड त्या पडद्यांची! आता त्यास्नी हलू द्याचंच न्हाई. रईवारी तिला आणाया जातो.”

दुसऱ्या दिवसापासून गळ्यावर हात ठेवून तो प्रत्येक खिडकीशी ‘मळवली’ असे कुजबुजू लागला.

“कोण गेलं रं?” भाज्याच्या अंबूबाईने घाबरून तितक्याच हळू विचारले. ते ऐकून सगळा डबा कुजबुजू लागला, आणि कोण गेले याचा शोध लागेपर्यंत गाडी लोणावळ्यास पोहोचली. अकरा उतारू पायी परतले. अंबूबाईने पाय चेपीत भाज्यात वार्ता दिली, “महिपतीची वाचा गेली!”

तिसऱ्या दिवशी दुपारची गाडी उभी असताना रतनबाई शेताच्या बांधावरून अनवाणी धावत आली. हातात ज्येष्ठमधाच्या काढ्याचा तांब्या होता, त्यातला निम्मा लुगड्यावर सांडलेला.

“काय झालं वो तुमाला?”

“आता हळू बोलतो,” महिपती कुजबुजला. “चल घरी.”

“आगं बया! खरंच गेला की आवाज!” ती रडू लागली. “रोज कान लावून बसायची मी. सांजच्या गाडीला तुमची आरोळी आली, की मग भाकर खायाची. दोन दिस घास उतरला न्हाई माझ्या गळ्याखाली.”

महिपतीचा भाता भरून आला.

“रतनेऽऽऽ!”

सगळ्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. ड्रायव्हरही वाकून पाहू लागला. रतनबाईने पदराने तोंड झाकले.

“अवं, हळू! लोकं बघत्यात!”

महिपतीने भरल्या डोळ्यांनी उत्तर देण्यास तोंड उघडले. नकळत त्याचा हात गळ्यावर गेला. पडदे थरथरत होते, मात्र नाद उमटत नव्हता. याचे कारण मास्तरांनाही सांगता आले नाही.

आपण इतका वेळ कान दिलात, याबद्दल आभारी आहे. आपला नम्र, त्या अकरा उतारूंपैकी एक, हौशीराम भिमाजी केदारी, मराठी पाचवी.