आप्पांची दुपारची अंघोळ

निमोण्याचे बबनआप्पा दुपारी जेवायला घरी जायच्या आधी अंघोळ करतात. त्यांच्या खताच्या दुकानामागे बोअरची टाकी आहे. तिथे दोन बादल्या डोक्यावर ओततात, दुकानातले कपडे खुंटीला लावतात आणि धुतलेला सदरा घालून घराकडे निघतात. थंडीत दात वाजत असतात. संध्याकाळी पुन्हा तेच. "आप्पा, रोज दोन येळा सासरवाडीला जाताय व्हय?" म्हणून पारावरचे लोक चेष्टा करतात. आप्पा सदऱ्याची बटणं लावत पुढे निघतात.

दुसरी खोड गिऱ्हाइकांना भोवते. युरियाच्या दोन गोण्या मागा, आप्पा एकच देतात. "जादा म्हंजी इख," एवढंच कारण. हलवायाने गिऱ्हाइकाला पेढे नको म्हणावं तसा हा प्रकार. चिडलेली माणसं तडक शिरूरचं दुकान गाठतात. आप्पा त्यांना प्यायला गार पाणी देऊन पाठवतात.

तिसरी खोड मला सोसावी लागते, कारण मी शिरूरच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. आप्पांना नायट्रिक ऑक्साईड या वायूवर बोलायला माणूस लागतो. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोला, सुभद्राकाकूंना, अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं गेलं. 'व्हय' आणि 'न्हाई' हे दोनच शब्द उरले. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी मेंदूत काय बिघडलं ते कागदावर चित्र काढून आप्पांना समजावलं. ते आप्पा इतकं चोख सांगतात, की माझ्या विद्यार्थ्यांनी लाजावं.

"ह्यो वायू म्हंजी मेंदूतला निरोप्या, सर. एक आला तर काम हुतं. शंभर एकदम दारात आले तर? कुणाचा निरोप कुणाला, कायबी कळंना. आन् त्या गडबडीत घरातली चूलच इझती. मंग पेशी उपाशी मरती."

जादा म्हणजे विष, हे ते लग्नातल्या डीजेवाल्यालाही सांगायला गेले होते. त्याने आवाज वाढवला.

गेल्या महिन्यात मी कांद्यासाठी दोन गोण्या मागितल्या. एकच मिळाली. मी वैतागून म्हणालो, "आप्पा, खत कांद्याला घालायचंय, मेंदूला नाही."

आप्पांचा चेहरा उतरला. ते गोण्यांच्या थप्पीकडे बघत राहिले.

"पंधरा वर्सं ती हितंच बसायची. फाटकी गोणी दाभणानं शिवायची. म्या कुणाला न्हाई म्हणलं की तिथनंच म्हणायची, 'द्या की!' युरियात नायट्रोजनच हाय ना, सर? त्योच तिच्या नाकातनं मेंदूत गेला. दुकान माझं, इखबी माझंच."

"म्हणून अंघोळ?"

"अंगावरनं घरात नगं जायला. रोज बोटानं खुणावती, दुकानात न्या म्हणून. म्या न्हाई नेत."

दोन वर्षं हा माणूस माझ्याशी बोलत होता आणि मी त्याच्यावर हसत होतो. मला स्वतःची लाज वाटली.

"आप्पा, तो वायू बाहेरून येत नाही," मी म्हणालो. "मेंदूतल्या पेशीच तो तयार करतात. गुठळीनं रक्त अडलं, पेशी भांबावल्या आणि नको तेवढा वायू करत सुटल्या. तुमच्या युरियाचा त्यात काही संबंध नाही."

"नक्की?"

"नक्की. डॉक्टरीणबाईंना विचारा हवं तर."

त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. बराच वेळ नुसतं "व्हय, म्याडम, व्हय" चाललं होतं. फोन ठेवून त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. "उगाच घरात कोंडली की वो तिला म्या," एवढंच म्हणाले.

चार दिवसांनी गेलो, तर काकू दुकानात खुर्चीवर बसल्या होत्या. मांडीवर फाटकी गोणी, डाव्या हातात दाभण. टाका वाकडा पडत होता. दुपार टळली तरी आप्पा दुकानातल्याच कपड्यांत होते, अंघोळ बंद झाली होती. मी मुद्दाम म्हणालो, "आणखी एक गोणी द्या, आप्पा."

"न्हाई. जादा म्हंजी इख."

मागून आवाज आला. जड होता, पण कळण्यासारखा. "द्या... की."

आप्पा जागीच उभे राहिले. मग त्यांनी गोणी उचलली आणि माझ्या मोटारसायकलवर आणून ठेवली. बांधताना ते सारखे वळून काकूंकडे बघत होते, गाठ मीच मारली.

ती गोणी अजून माझ्या पडवीत तशीच पडून आहे. कांद्याला एकच पुरते, हे आप्पांचं म्हणणं खरंच होतं.