बॅप्टिस्टचा प्रयोग आणि व्हिन्सेंटचं नाक

"दहा दिवस दे, हे थोतांड आहे हे सिद्ध करून दाखवतो," असं बॅप्टिस्टने मुलीला फोनवर ठणकावून सांगितलं.

मुलगी रोझमेरी कॉलेजात मानसशास्त्र शिकवायची. रोज हाताने काहीतरी नवं घडवलं, अगदी वाईट घडवलं, तरी माणसाचं मन ताळ्यावर राहतं, असं तिचं म्हणणं. बॅप्टिस्ट हेडक्लार्क म्हणून निवृत्त होऊन उमेळे गावातल्या घरी बसल्यापासून वर्षभर फक्त चुका काढत होता. बायकोच्या, मेरीच्या, आमटीतल्या मिठाचीही तो चौकशी लावी.

प्रयोग म्हणजे प्रयोग. त्याने वहीत दोन रकाने आखले, 'आधीचं मन' आणि 'नंतरचं मन', दहापैकी गुण. मग घरामागच्या वाडीतला एक सुका, सालासकटचा असोला नारळ घेऊन चाकूने त्यावर चेहरा कोरायला बसला. मान वर केली तेव्हा दोन तास उलटले होते आणि चहा गार झाला होता. आधी चार, नंतर सात. आकडा त्याला पटेना. हातांत असं काय असतं, या कुतूहलाने तो दुसऱ्या दिवशी पुन्हा बसला, तिसऱ्या दिवशीही.

पाचव्या दिवशीचा चेहरा पाहून मेरी म्हणाली, "हा शेजारचा व्हिन्सेंट ना?"

बॅप्टिस्टने साफ नाकारलं. चिंचेच्या एका फांदीवरून दोघांचं दोन वर्षं बोलणं नव्हतं, त्याचं तोंड कोण कोरेल? पण पाहावं तर नारळ खरंच व्हिन्सेंटसारखा रागावलेला. घरात जागा नव्हती म्हणून त्याने तो कुंपणाच्या खांबावर नेऊन ठेवला, आणि दुपारपर्यंत गावभर झालं की बॅप्टिस्टने व्हिन्सेंटचं मुंडकं खांबाला लावलंय.

संध्याकाळी व्हिन्सेंट आला तो थेट केळी तोडून, हातात कोयता तसाच. बॅप्टिस्टने माफीची दोन वाक्यं मनात जुळवली. व्हिन्सेंट नारळाभोवती एक फेरी मारून आला.

"नाक चुकलंय," तो म्हणाला. "माझं एवढं फेंदारलेलं नाय."

आणि कोयता बाजूला ठेवून त्याने चाकू मागितला. नाक सुधारता सुधारता कान गेला, मग दोघांनी दुसरा नारळ घेतला. चर्चची घंटा झाली तरी ते उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी व्हिन्सेंट स्वतःचा चाकू घेऊन आला.

दहाव्या दिवशी रोझमेरीने निकाल विचारला. बॅप्टिस्ट गडबडला. गुण नवावर गेले होते हे खरं, पण ते नारळामुळे की व्हिन्सेंटमुळे? दोन गोष्टी एकदम बदलल्या, प्रयोग बाद झाला, पुन्हा पहिल्यापासून करावा लागेल, असं तो अगदी गंभीरपणे सांगू लागला.

मेरीने फोन त्याच्या हातातून घेतला.

"यांचं मन कसंय ते मला माहीत नाय, बाळा," ती म्हणाली. "पण माणूस दिवसभर वाडीत असतो. मला फार बरं वाटतंय. पुढचा प्रयोग शंभर दिवसांचा सांग."