शालनताईंचा उजवा कान

आमच्या शेजारच्या शालनताई कुणी हाक न मारताच ओ देतात.

अगदी रीतसर देतात. आपण त्यांच्या घरी बसून मेथी निवडू लागत असतो, भाव, पाणीटंचाई, सुनांचे हट्ट असं सगळं नीट चाललेलं असतं, आणि मध्येच त्यांचा हात थांबतो. करंगळी उजव्या कानात जाते, आत खोल कुठेतरी फिरते, डोळे अर्धवट मिटतात, आणि जिथे कुणीही नाही अशा दिशेला मान वळवून त्या म्हणतात, ‘ओ, आले.’ जात कुठेच नाहीत. क्षणभर थांबतात आणि पुन्हा मेथीला लागतात. आपली मात्र भाजी निवडून होत नाही.

पहिल्यांदा हा प्रकार मी लिफ्टमध्ये पाहिला. आम्ही नव्यानेच राहायला आलो होतो. लिफ्टमध्ये आम्ही दोघीच. मधल्याच एका मजल्यावर लिफ्ट आपणहून थांबली, दार उघडलं, बाहेर नुसता अंधारा पॅसेज. शालनताईंनी कान खाजवला, ‘ओ’ म्हणाल्या आणि थोडं सरकून बाजूला जागा केली. दार मिटलं. कोण होतं, असं मी विचारलं तर म्हणाल्या, ‘कुनास ठावं. पन ओ द्यायला काय जातंय?’ उरलेले मजले मी पिशवी छातीशी धरून काढले.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. एका ऑफिसात अकाउंट्स बघते, माझा विश्वास फक्त व्हाउचरवर. मात्र त्या दिवसापासून लिफ्ट रिकामी आली की मी जिन्याने जाते. व्यायाम होतो.

आमची इमारत तशी या प्रकाराला अनुकूल आहे. चऱ्होलीत शेतं जाऊन टॉवर आले, टॉवर विकलेही गेले, पण ज्यांनी घेतले ते राहायला आले नाहीत. आमच्या मजल्यावर चार दारं आहेत. दोन दारांवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून कुणी काढलेलं नाही. संध्याकाळी वारा सुटला की रिकाम्या फ्लॅटांतून तो हिंडतो आणि बंद दारांमागे कुणी सामान सरकवतंय असं वाटत राहतं. अशा ठिकाणी शेजारीण मिळावी ती नेमकी अशी.

शालनताई माण तालुक्यातल्या. लग्न होऊन चाकणच्या पट्ट्यात आल्या, कितीतरी वर्षं कुरुळीत भाड्याच्या खोलीत राहिल्या. चाकणला एका कंपनीत रबराचे पार्ट तपासायला बसतात. नवरा वारला. मुलाने हा फ्लॅट घेतला आणि गृहप्रवेशाचा मांडव उतरतो न उतरतो तोच त्याला कंपनीने गुजरातला पाठवलं. तेव्हापासून या घरात त्या एकट्याच. वय पन्नाशीच्या आसपास, अंगाने भक्कम, बोलणं मोकळं. त्यांना पाहून भीती वाटावी असं त्यांच्यात काही नाही, आणि त्यामुळेच जास्त भीती वाटते.

बरं, त्या फक्त स्वतःच्याच नावाला ओ देतात असंही नाही. रस्त्यात कुणी कुणाला ‘ए मंदे’ म्हणून हाक मारली आणि मंदाने लक्ष दिलं नाही, तर शालनताई देतात. भाजीवाल्याच्या आरोळीला देतात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी फ्लॅटवार नावं पुकारत होते. आमच्या मजल्यावरच्या कुलूपबंद फ्लॅटचा मालक कुठे परदेशात असतो, त्याला आम्ही कुणी कधी पाहिलेलं नाही. त्याचं नाव आलं. शांतता. सेक्रेटरींनी पुन्हा पुकारलं, आणि मागून शालनताई सावकाश म्हणाल्या, ‘ओ.’ सेक्रेटरींनी सवयीने हजेरी लावून टाकली. नंतर मी त्यांना छेडलं तर म्हणाल्या, बिचाऱ्याला कुणी ओ देणारं नाही, हाक वाया जाऊ नये. तेव्हापासून आमचा वॉचमन राउंडला वर आला की त्या कुलपाकडे पाठ करून उभा राहत नाही.

कंपनीच्या बसमध्येही हीच तऱ्हा. बस मोशीच्या पुढे ट्रॅफिकमध्ये अडकलेली असते, बाया पेंगत असतात, आणि शालनताई खिडकीबाहेर बघून ओ देतात. सुरुवातीला ड्रायव्हर वैतागायचा. मग एकदा त्याने विचारलं, ‘मावशे, कुनाला घ्यायचंय का?’ त्या म्हणाल्या, माहीत नाही बाबा, पण दार उघड. त्याने उघडलं. कुणी चढलं नाही. त्याने तरी जरा वेळ थांबून दार लावलं. आता उभं राहून जायची वेळ आली तरी शालनताईंच्या शेजारच्या सीटवर कुणी बसत नाही. त्या मजेत तिथे डबा ठेवतात.

या सगळ्याचं मूळ त्या कानात होतं. कान त्यांचे दोन्ही खाजायचे, पण उजवा जास्त. त्यांच्या बांगडीला सेफ्टी पिनांचा झुबका असतो, त्यातच एक चांदीचं कानकोरणं लटकवलेलं. ते हाताशी नसलं तर केसातला आकडा, काडेपेटीची काडी, उदबत्तीची काडी, एकदा तर माझ्या स्कूटरची किल्ली. खाज आली की त्यांचा चेहरा बदलायचा. कंटाळा नाही, वैताग नाही. दाराशी कुणाची तरी चाहूल लागल्यावर माणूस जसा होतो, तशा त्या व्हायच्या. मला ते बघवायचं नाही, आणि बघितल्याशिवाय राहवायचंही नाही.

आणि मग माझाच कान खाजू लागला.

आत, बोट पोहोचणार नाही अशा जागी. कोरडं, हुळहुळणारं, कुणी केसाने गुदगुल्या कराव्यात तसं. मी ऑफिसात पेनाचं टोपण कानात घातलं आणि दचकून मागे पाहिलं. मागे फक्त कपाट होतं. मी भयंकर घाबरले. नवऱ्याला सांगितलं तर तो हसला आणि म्हणाला, लागण झाली तुला. इंजिनिअर माणसाकडून याहून अधिक अपेक्षा नसते. त्या आठवड्यात मी घरात कुणी हाक मारली तरी आधी माणूस दिसतंय का ते पाहायचे आणि मगच बोलायचे.

शेवटी संत तुकाराम नगरच्या एका कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी दिवा लावून आत पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला तो पाळीचा. मी म्हटलं, वर्षभर लपंडाव चाललाय. त्या म्हणाल्या, मग बरोबर आहे, या वयात हार्मोन्स कमी होतात, अंगाची कातडी कोरडी पडते, तशी कानातलीही पडते, खाज सुटते. पाळी जाताना बाईचं काय काय होतं ते मला तोंडपाठ होतं. घाम, चिडचिड, उडालेली झोप, गुडघे. कान त्यात कुणीच सांगितले नव्हते. मला इतकं हलकं वाटलं की मी डॉक्टरीणबाईंना भुताचं सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, तुमच्या त्या भुताला घेऊन या.

मी शालनताईंना जवळजवळ ओढत नेलं. त्यांच्या कानात पाहून डॉक्टरीणबाईंचं हसू मावळलं. कोरून कोरून आत जखमा झाल्या होत्या, त्या चिघळल्या होत्या. पडदा अजून शाबूत होता. बाईंनी कान साफ केला, थेंब लिहून दिले, थेंब टाकून कापसाचा बोळा घालून कुशीवर पडून राहायला सांगितलं, आणि बजावलं की पुन्हा काही खुपसलंत तर एक दिवस पडद्याला इजा होईल, मग ऐकू यायचं नाही. शालनताई शहाण्या मुलीसारख्या मान डोलावत होत्या. येताना रिक्षात त्यांनी एकदा ओ दिली. रिक्षावाल्याने आरशात पाहिलं. मी त्याला म्हटलं, हार्मोन्स आहेत, चला.

माझा कान त्या औषधाने निवला. शालनताईंची बाटली मात्र फ्रिजवर तशीच उभी, सील न तोडता. रोज टाकते म्हणायच्या. एका रविवारी दुपारी मी डबा परत द्यायला गेले तर दार लोटलेलं होतं. आत त्या पलंगावर बसल्या होत्या, हातात कानकोरणं, आणि उशीच्या अभ्र्यावर पिवळट लाल डाग. माझा संताप झाला. मी त्यांना नको नको ते बोलले. बहिरं व्हायचंय का, कंपनीत कोण ठेवील, पोराला काय सांगू, सगळं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, ‘वैनी, दार लावून घ्या आन बसा.’

त्यांच्या आईने लहानपणी एक गोष्ट पक्की शिकवली होती. दिवेलागणीला बाहेरून हाक आली आणि माणूस दिसलं नाही, तर लगेच ओ द्यायची नाही. हाकामारी फिरत असते. ती आपल्या माणसाच्या आवाजात बोलावते, ओ दिली की घेऊन जाते. तिला तिसरी हाक मारता येत नाही. म्हणून तिसरी हाक येईपर्यंत गप्प बसायचं. माणमधल्या त्यांच्या गावात सगळेच तसं करायचे. कुरुळीतही त्या तसंच करत. हे नवऱ्यालाही ठाऊक होतं, तो हसून तीनदा हाक मारायचा.

कुरुळीतल्या एका संध्याकाळी लाइट गेली होती. शालनताई शिफ्टवरून येऊन आडव्या झाल्या होत्या. नवरा मागच्या न्हाणीत गेला होता.

‘त्यानी हाक मारली. शालन, म्हनून. म्या गप. परत मारली, जरा बारीक. म्या उठून बसले, पाय खाली सोडलं. म्हनलं, आता तिसरी यील.’ त्यांनी अभ्र्यावरचा डाग हाताने झाकला. ‘आलीच न्हाई. मला वाटलं, तीच व्हती, बरं झालं ओ दिली न्हाई. देवाचं नाव घेतलं आन चहा टाकला. दोगांचा.’

चहा निवल्यावर त्या न्हाणीत बघायला गेल्या होत्या.

आमचा मजला इतका शांत होता की फ्रिजची घरघर सुरू झाली तेव्हा मी दचकले.

‘तवापासून ठरवलं,’ त्या म्हणाल्या, ‘कुनीबी हाक मारू दे, ओ द्यायची. हाकामारी आसली तरी चालंल. आन पाळी गेली त्याच वर्साला हे कानाचं सुरू झालं. तुमी म्हनता खाज. पन हाक यायच्या आदी कान कसा हुळहुळतो, तसं हाय ते. त्यांची तिसरी राहिलीया, वैनी. बोळा घालून बसले आन तवाच आली तर?’

माझ्यासमोर डॉक्टरीणबाईंचं सगळं शास्त्र होतं आणि ते तसूभरही उपयोगाचं नव्हतं. मला रडू आलं, आणि रडू आलं की मला रागच येतो. मी उठले, फ्रिजवरची बाटली आणली, सील तोडलं आणि म्हटलं, ‘तुम्ही पडा. तेवढा वेळ मी ऐकते. हाक आली तर पहिल्या हाकेलाच ओ देते आणि तुम्हाला उठवते.’

त्यांनी अटी घातल्या. खुर्ची न्हाणीघराच्या दाराशी ठेवायची. मोबाइल बघायचा नाही. टीव्ही नाही. डुलकी नाही. बाईमाणसाचा आवाज आला तरी ओ द्यायची. अकाउंट्समध्ये इतकी वर्षं काढून मी इतक्या अटी कुठे मान्य केल्या नव्हत्या, त्या केल्या.

शालनताई डाव्या कुशीवर झाल्या. मी थेंब टाकले. त्यांनी अंग चोरलं. मी बोळा घातला. डावा कान उशीत दाबलेला, उजव्यात औषध. बाहेरचं सगळं बंद. त्यांचे डोळे भीतीने मोठे झाले होते, आणि त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. मी हळूच ते सोडवून घेतलं आणि ठरल्याप्रमाणे खुर्चीवर जाऊन बसले.

मी खरोखर ऐकत होते. आयुष्यात इतकं कान देऊन मी काही ऐकलं नसेल. बंद फ्लॅटांतला वारा, खाली कुणाची तरी गाडी, पाइपातून उतरणारं पाणी. न्हाणीघराचं दार अर्धवट उघडं होतं, आत ऊन होतं, बादली होती, बाकी काही नव्हतं. तरीही मी त्या दाराकडे पाठ करत नव्हते.

शालनताईंचे डोळे मिटले. झोप लागली की ग्लानी आली कळेना. ओठ हलले.

‘अवं,’ त्या म्हणाल्या.

मी खुर्चीवरून अर्धी उठले. ओ द्यायची कबुली मी दिली होती, पण ही हाक मला नव्हती. त्या ज्याला बोलावत होत्या तो मी नव्हते. मी तशीच अवघडून उभी राहिले.

‘अवं,’ पुन्हा. जरा बारीक.

मी तिसऱ्या हाकेची वाट बघत राहिले. ती आली नाही. शालनताईंच्या कपाळावरची आठी हळूहळू सुटली, ओठांच्या कोपऱ्यात लाजल्यासारखं काहीतरी आलं, आणि कानाशी घुटमळणारा त्यांचा हात गादीवर सैल पडला. नंतर कितीतरी वेळ त्या गाढ झोपल्या होत्या. मी मोबाइल पाहिला नाही.

जाग्या होऊन त्यांनी बोळा काढला, मला अजून खुर्चीवर बघितलं आणि पदर सावरला. मी म्हटलं, शालनताई, मी अगदी नीट ऐकत होते, काही ऐकू आलं नाही.

‘तुमाला कसं यील? ओ मला दिली त्यानी,’ त्या म्हणाल्या, आणि कूस बदलून त्यांनी डावा कान माझ्यापुढे केला.