निंबपुऱ्यातील बंडी काढिली त्याची हकीगत

श्री विघ्नहर्ता समर्थ. राज्ये बुडाली, तख्ते फुटली, त्यांच्या हकिगती लिहिणारे उदंड जाहले. परंतु अमरावती शहरी निंबपुऱ्याची एक अरुंद गल्ली रयतेने कैसी सोडविली, हे कोणी लिहिले नाही. ते आम्ही लिहितो. ज्यास हसू येईल त्याने खुशाल हसावे. त्याची सून अडली नव्हती.

शके सत्राशे पंचायशी, रुधिरोद्गारी नाम संवत्सरी हे घडले. दोन वर्षांमागे सातासमुद्रापार गोऱ्यांची आपसांत जुंपली आणि वऱ्हाडच्या कापसास सोन्याचे दिवस आले. मग मोर्शीकडोन, वलगावाकडोन कापसाच्या बंड्या लोटल्या. वऱ्हाडात बंडी म्हणजे बैलगाडी, हे परमुलखीच्या वाचकाने ध्यानी धरावे, पुढील सारा अनर्थ येथेच आहे. बाजारात जागा उरली नाही म्हणोन बंडीवाल्यांनी निंबपुऱ्यात ठाणे दिले. चाळीस बंड्या, ऐंशी बैल, विहिरीत सरकी, पोहऱ्यात कापूस, आणि पाराशी चिलमी पेटलेल्या. एक ठिणगी उडे तो सारा पुरा जीव मुठीत धरी.

त्या गल्लीत मातुश्री दुर्गाबाईसाहेब, वय साठ, जबान तिखट, यांची सून सत्यभामा दिवस भरत आलेली. दाई बिल्कीसबी गल्लीच्या दुसऱ्या टोकास. गतसाली सत्यभामा अडली, दाई बंड्यांखालोन रांगत आली, तो वेळ टळली आणि लेकरू हाती लागले नाही. ते शल्य बाईसाहेबांचे उरी होते. म्हणोन त्यांनी कचेरीत अर्ज लिहविला की, गल्लीत बंडी आणण्यास बंदी व्हावी.

अर्ज विसाजीपंत कारकुनांचे हाती पडला. पंत देशावरोन नवे आलेले; त्यांचे मुलखी बंडी म्हणजे अंगात घालावयाची, बिनबाह्यांची. त्यांनी अर्ज तीन वेळा वाचिला, या लोकांस उघड्या छातीची भलतीच हौस दिसते ऐसे मनी आणिले, आणि हुकूम सोडिला की, निंबपुऱ्यात असेल नसेल त्याने बंडी काढावी, लहानथोर मुलाहिजा नाही. अंमलास देशावरचाच धोंडजी शिपाई सोटा देऊन पाठविला.

पहिला घाला बाईसाहेबांचे यजमान खुशालराव यांजवर. पाणी घेऊन येता शिपाई गरजला, "बंडी काढा!"

खुशालराव थक्क. "माही बंडी तं वलगावच्या वावरात उभी हाय बाप्पा, इथून कशी काढू?"

शिपायाने छातीवरील गुंड्यांसच हात घातला. पौषाची थंडी, आणि म्हातारे उघडे कुडकुडत घरी आले. अस्तमानापावेतो पुऱ्यातील सारी मर्द मंडळी उघडी जाहली आणि गाड्या जेथल्या तेथे. बाईसाहेबांनी कपाळ बडविले. अर्ज करावा एक आणि पदरी पडावे भलतेच, हीच कचेरीची रीत!

दुसरे दिवशी सकाळी सत्यभामेस कळा सुरू जाहल्या. खुशालराव बंडीवाल्यांचे पाया पडले, कोणी हालेना. इतक्यात बाईसाहेबांचे डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि त्या थेट शिपायासमोर ठाकल्या.

"काहून रे, आमच्याच मान्साईले उघडं करून राहिला? ह्या बंडीवाल्याईले हुकूम नाई का?"

बंडीवाल्यांचेही अंगी बंड्या पाहोन शिपायास ते पटले. सोटा आपटोन तो ओरडला, "सरकारी हुकूम! बंडी काढा!"

पहिल्याने सोटा पाहिला, "काढतो नं बाप्पा," म्हणोन बैल जुंपिले आणि बंडी काढिली. शिपाई मागे धावे, "अरे ती नव्हे, बंडी, बंडी काढ!" तो जो जो ओरडे तो तो बैल जोरात हाकले जात. एक निघाली, मग दुसरी, मग चाळीसही निघाल्या, आणि बिल्कीसबी ओढणी कमरेस बांधोन मोकळ्या गल्लीतून धावत आली. दोन घटकांत मुलगी जाहली. आवाज ऐसा की शिपायाचा दबला. बाईसाहेब उंबऱ्यात बसोन ढसढसा रडल्या.

तिसरे प्रहरी अंमल पाहावयास विसाजीपंत जातीने आले, अंगी कापूस भरलेली नवी बंडी. शिपायाने हुकूम तोंडपाठ केला होता. "बंडी काढा, पंत. लहानथोर मुलाहिजा नाही." पंतांनी आपलाच हुकूम ऐकिला आणि निमूट बंडी काढिली. बाईसाहेबांनी ती झडप घालोन उचलिली आणि आत नातीस गुंडाळिली. पंत काकडत परत मागो लागले, तेव्हा फर्मान जाहले:

"गल्लीत बंडीले बंदी हाय नं साहेब? मंग हे बंडी नोहे. हे माह्या नातीचं दुपटं हाय."

येणेप्रमाणे निंबपुरा फत्ते जाहला. चूक कबूल करणे कचेरीस जमले नाही, म्हणोन हुकूम आजही कायम आहे. विहीर निवळली, पाराशी चिलीम नाही, पंत थंडीत त्या वाटेस जात नाहीत. बिल्कीसबी आता चालत येते, रांगत नाही. अर्जात इतकेच मागितले होते.