कपातली तुळस

"हा कप आता या घरातून हलायचा नाही," असं गोवर्धन मास्तर म्हणायचे, आणि त्यांच्या बायकोचं, इंद्राणीचं दुर्दैव असं की ते तसं करूनही दाखवायचे. बेटावरच्या कार्तिए मिलितेर गावच्या कॉलेजात ते व्हॉलीबॉल शिकवायला लागले तेव्हा त्यांच्या डोक्यावर केस होते. केस गेले, कप राहिला. फायनलच्या दिवशी तो फिरता कप मैदानावर न्यायचा असे, पण मास्तर म्हणत, "कशाला उगाच ओझं? संध्याकाळी परत आणायचाच आहे."

शिकवणी सगळी एका वाक्याची: जाळीवरच्या ब्लॉकमध्ये फट ठेवायची नाही. हे ते पोरांना सांगत, पाहुण्यांना सांगत, झोपेत उशीलाही सांगत.

एका वादळात अंगणातलं तुळशीवृंदावन आडवं झालं.

"अहो, नवीन बांधून द्या."

"फायनल होऊ दे."

फायनल झाली की पुढची दिसायला लागे. तुळस बिचारी तेलाच्या डब्यात दिवस काढत होती. शेवटी इंद्राणीने विचारलं, "तुमच्या कपात लावू का?"

मास्तर कागदावर खेळाडू उभे करत होते. मान वर न करता म्हणाले, "लाव, लाव."

तिने लावली. पाणी निघून जावं म्हणून बुडाला खिळा ठोकून भोक पाडलं, कपाला हळदकुंकू लावलं. तुळस अशी माजली की शेजारणी मंजिऱ्या मागायला येऊ लागल्या. मास्तर रोज तिच्या अंगावरून शिट्टी वाजवत जात. दिसली म्हणाल तर कधीच नाही.

आणि चौऱ्याऐंशी साली क्युरपिपच्या गजेंद्र सरांच्या पोरांनी मास्तरांना हरवलं.

"शनिवारी समारंभ आहे. कप कुठाय?"

"अंगणात."

मास्तर गेले, पाहून परत आले. "आयो, इंद्राणी, त्यात झाड आहे."

"झाड नाही, तुळस. तुम्हीच म्हणालात, लाव."

"मी? बरं, आता काढ."

"काढते की. आधी वृंदावन. सवाष्णीला उघड्यावर बसवणार का?"

इतकी वर्षं न झालेलं काम दोन संध्याकाळींत झालं. विटा आल्या, सिमेंट आलं. कप लिंबाने घासला, भोकात मेणबत्तीचं मेण भरलं.

समारंभाला इंद्राणी दुसऱ्या रांगेत बसली, जीव मुठीत धरून. जिंकलेल्या कप्तानाने रिवाजाप्रमाणे कपात लिमोनाद ओतलं, आणि मेणाने दम सोडला. धार थेट प्रमुख पाहुण्यांच्या बुटांवर.

गजेंद्र सरांनी कप उलटा करून एक डोळा मिटला आणि भोकातून मास्तरांकडे पाहिलं. "मास्तर, हे भोक कशाला?"

मास्तर रुमालाने टक्कल पुसायला लागले. मग दुसऱ्या रांगेतून उत्तर आलं, "नाहीतर मुळं कुजतात, भाऊ."

पुढच्या आठवड्यात पाऊस लागला. सकाळी इंद्राणी दिवा घेऊन गेली तर वृंदावन काठोकाठ भरलेलं, आणि तुळस गुडघाभर पाण्यात उभी. तिने खाली हात फिरवला. चारही बाजूंनी गुळगुळीत.

"अहो, पाणी जायला वाट कुठाय?"

"वाट?" मास्तरांची छाती फुगली. "एक फट ठेवलेली नाही."

"मग आता पाडा."

"पाडतो की. फायनल होऊ दे."

तुळस पुन्हा तेलाच्या डब्यात गेली. आणि जिने जन्मात एक मॅच पाहिली नव्हती, ती इंद्राणी चतुर्थीला गणपतीपुढे हात जोडून बराच वेळ उभी राहिली.

"देवा, या खेपेला ह्यांच्या पोरांना जिंकव," ती म्हणाली. "ह्यांचं काही नाही रे. कप तेवढा घरी येऊ दे."